बाही

फ्रेझरबर्गच्या धक्क्यावर पहाटे पाचला,
मासळीच्या लिलावाआधी,
आम्ही घडीचं टेबल मांडतो.
त्याचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठा सारावा लागतो.
वर रक्तदाबाचं यंत्र, पट्टे दोन, नेहमीचा आणि रुंद
(या गावात रुंदच जास्त लागतो),
आणि थर्मासभर बिनसाखरेचा चहा,
ज्याच्यावरून रोज शिव्या.

संस्थेचा तांबडा डगला मला ढगळ होतो.
संस्था म्हणजे तरी काय,
एडिनबरात दोन खोल्या
आणि इथल्या चढावर जुन्या कपड्यांचं दुकान.
कुणाचा तरी कोट विकला जातो,
त्याचे पैसे धक्क्यापर्यंत उतरतात
पट्टा होऊन, बॅटरी होऊन,
वॉटीच्या मंगळवारच्या शिकवणीचं भाडं होऊन.

वॉटी स्ट्रॉन. तीस वर्षं लिलाव पुकारला त्याने.
हॅडकच्या पेट्यांमधून चालायचा,
तोंडातून आकडे गारांसारखे.
एका रविवारी जेवताना बायकोकडे मीठ मागायला गेला
आणि मीठ हा शब्दच सापडेना.
मेंदूत गुठळी.
शब्द गेले. आकडे तेवढे राहिले, तेही ओळीने.
चौदा म्हणायचं तर एकपासून चढत यावं लागतं.
मंगळवारी एक पोरगी त्याच्याशी चित्रांचे पत्ते खेळते.
मार्चमध्ये मीठ परत आलं.
बायकोचं नाव अजून यायचंय.

तो माझ्या शेजारी बसतो.
कोळी त्याच्याकडे बघतात, मग यंत्राकडे.
"हात दाखवून अवलक्षण कशाला, एल्स्पेथ?"
तीनदा हसून जातात, चौथ्यांदा बसतात.
चौथी वेळ यायला कधी वर्ष लागतं.

माझ्या इनिसला ती मिळाली नाही.
बावन्न वर्षांचा. शेटलंडच्याही वर, जाळं ओढताना
"जळजळतंय" म्हणाला म्हणे, आणि सोडा प्यायला.
बंदर नऊ तासांवर.
नऊ तासांत काय काय होतं
ते मी पुष्कळ दिवस घरात मोजत बसायचे.
मग त्याचे कपडे दुकानात देऊन टाकले.
सगळे. न उलगडता.

काल एक नवा खलाशी बसला, पहिल्याच खेपेला.
घानाचा, एल्मिनाचा. एबो नाव. वय तेहतीस.
अंगात निळा लोकरी स्वेटर.
मी नेहमीसारखं म्हटलं, बाही वर करा.
बाही वर होईना, मनगट फार घट्ट विणलेलं.
मी ओढली,
आणि कोपराशी माझी चूक दिसली:
दोराची वेल उजवीकडे वळायची तिथे डावीकडे वळलेली,
कुठल्याशा हिवाळ्यात, रेडिओ ऐकता ऐकता.
इनिस म्हणायचा, राहू दे,
बुडालो तर ओळखायला बरं.

यंत्र गुरगुरलं.
एकशे ब्याऐंशी, खाली एकशे बारा.
पाच मिनिटं थांबून पुन्हा. एकशे ब्याऐंशीच.
"डोकं दुखतं?"
"बोटीवर सगळ्यांचंच दुखतं."
"घरात कुणाला?"
"आईला. डावं अंग गेलं."
बोट सहाला सुटणार. दवाखाना आठला उघडतो.
मी चिठ्ठी लिहिली. तो उठायला लागला.
स्वेटरचं सांगायचं माझ्या ओठांवर आलं,
तिथून पुढे आलं नाही.

तेव्हा वॉटीने त्याचं मनगट धरलं
आणि सुरू केलं: एक, दोन, तीन...
एकशे ब्याऐंशीपर्यंत चढायला किती वेळ लागतो
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.
पन्नासला गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
नव्वदला बोटीचा भोंगा झाला.
एकशे चाळीसच्या सुमाराला कप्तान स्वतः शिव्या देत उतरला,
एकशे सत्तरला गप्प झाला.
एकशे ब्याऐंशी, वॉटी म्हणाला,
आणि टेबलावर थाप मारली
तीनवार म्हणून माल सुटावा तशी.
पुठ्ठा सरकला. चहा सांडला.

कप्तानाने चिठ्ठी उचलून वाचली.
"आठला?" एवढंच विचारलं.
एबो परत बसला. उरलेल्या चहाचा घोट घेतला,
तोंड वाकडं केलं: "साखर नाही?"
मी पट्टा सोडला.
बाही मात्र लगेच खाली केली नाही.